सरड्याची धाव

सरडा हा प्राणी आपल्याकडे म्हणींपुरताच उरला आहे. कुणी मते बदलली की त्याला आपण सरडा म्हणतो. कुणाची मजल जवळच संपली की ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे म्हणून मोकळे होतो. त्या बिचाऱ्याकडे निरखून पाहायला मात्र कुणाला सवड नसते.

शास्त्रज्ञांनी ती सवड काढली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. तिथल्या जांभ्या दगडांत आणि गवतात राहणाऱ्या एका सरड्याला २०१६ साली शास्त्रीय नाव मिळाले: ‘सरडा सुपर्बा’. सुपर्बा म्हणजे दिमाखदार. पहिले नाव मात्र अस्सल मराठी! नाव शोभतेही. उन्हाळ्यात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडतो. ही सारी ऐट मादीसाठी.

याच पठारावर बरीच वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी त्या भागाचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि म्हणून सरडे कितीतरी अधिक! वाचून वाटते, सरड्यांची दिवाळीच झाली. पण हे सरडे अंगाने रोड, रंगाने फिके, आणि माणूस अगदी जवळ आला तरी न पळणारे निघाले. शत्रू गेला, तशी भीती गेली. गर्दी वाढली, तशी घासाची ओढाताण आली. घारीच्या एका गिरकीवर गवतातला केवढा संसार तोललेला असतो!

म्हणून पवनचक्क्या नकोत काय? तसे कसे म्हणावे? त्यांच्या विजेला कोळशाचा धूर नाही. चूक आहे ती आपल्या वहीत. झाड नाही ती जमीन ‘पडीक’, असे आपण लिहून ठेवतो आणि मग तिथे काहीही उभारायला मोकळे होतो. पुण्यकर्म म्हणून झाडेसुद्धा लावतो. गवताळ माळ हे ज्याचे घर, त्याला दाट सावली ही आपत्तीच. चक्की कुठे उभारावी आणि कोणता माळ मोकळा सोडावा, हे आधी पाहून ठरवता येते.

ठोसेघरचा धबधबा पाहायला पुष्कळजण जातात. पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन चाळकेवाडीपर्यंत जावे आणि दगडांपासून दूर, गुपचूप बसावे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत खरी. पण ते कुंपण घालणारे आपणच आहोत, हे मुलांना तिथे सांगायला सोपे जाईल.