पासवर्ड देऊन या

बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीतली माझी स्वयंसेवा महिनाभरात संपेल. म्यानमारने १९८२च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारले. २०१७ मध्ये ७ लाखांहून अधिक जण जीव मुठीत धरून इथे आले.

हातपंप दुरुस्तीच्या तक्रारी नोंदवण्यासाठी मी एक ॲप तयार केले. ते अडले की आजही मलाच बोलावतात. आधी याचा अभिमान वाटायचा. आता ही माझीच चूक वाटते. म्हणून नवे काम थांबवून छावणीतल्या दोन तरुणांना ते चालवायला शिकवतो आहे.

माझ्याकडे पासपोर्ट आहे, मी घरी जाईन. ते इथेच राहतील. आपण याला खिदमत म्हणतो ना? मग निघताना पासवर्ड त्यांच्याच हाती हवा.