आधी उस्तादाच्या तासाचा हिशेब

यंत्र बंद पडलं की कारखान्याला दोन खर्च दिसतात : उत्पादनाचा खोळंबा आणि लांबून येणाऱ्या तज्ज्ञाचा प्रवास. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी दोन्ही वाचवू म्हणते. नवख्या फिटरच्या डोळ्यांवर चष्मा असतो, समोर खरं कंट्रोल पॅनेल. त्याला जे दिसतं ते दुसऱ्या शहरातल्या उस्तादाला पडद्यावर दिसतं. उस्ताद तिथून बाण काढतो, तो इथे नेमक्या स्क्रूवर उमटतो आणि फिटरने मान वळवली तरी जागा सोडत नाही. ‘डावीकडचा... नाही, त्याच्या खालचा’ ही फोनवरची कसरत संपते आणि शिकणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात.

कल्पना जुनी आहे. बोइंगमध्ये विमानातल्या वायरींचे जुडगे मोठ्या फळ्यांवर मांडून बांधले जात. कोणती वायर कुठून न्यायची, हे कामगाराच्या नजरेसमोरच दाखवावं, असं टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये सुचवलं. त्यानंतर चष्मे आले आणि गेलेही. गूगल ग्लासच्या उद्योगांसाठीच्या आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये थांबली. ३,५०० डॉलर किमतीच्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये बंद केलं. सगळं प्रशिक्षण एकाच उपकरणाला बांधणं किती धोक्याचं, हे यावरून कळावं. खुणा करून दाखवण्याचं काम मोबाइलवरही होतं. एक हात अडकतो, एवढंच.

शिवाय बाण जागा दाखवतो, जोर सांगत नाही. नट किती आवळला की आटे जातील, बेअरिंगचा आवाज कधी बिघडला, हे हाताला आणि कानालाच कळतं. म्हणून सुरुवातीचे धडे उस्तादाशेजारी उभं राहूनच व्हावेत. दूरची मदत त्यानंतरची.

आणि या उस्तादाचं काय? स्वतःची पाळी सांभाळून त्याने मधल्या वेळात शिकवायचं, त्याचं रेकॉर्डिंग मात्र कंपनीच्या मालकीचं, हा व्यवहार एकतर्फी आहे. शिकवण्याचे तास कामाचे तास म्हणून धरले पाहिजेत. शिकणाऱ्याच्या चुकांचं चित्रण शिकवण्यासाठीच वापरलं जावं, मेमो देण्यासाठी नव्हे. नाहीतर चष्मा घातलेला पोरगा शंका विचारायलाच घाबरेल.

व्यवस्थापकांनो, चष्म्यांच्या खरेदीवर सही करण्याआधी एकच विचारा : शिकवणाऱ्याच्या तासाचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार? उत्तर मिळेपर्यंत ती फाइल पुढे सरकवू नका.