छातीतली धूळ



डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झाला. दोन्ही वेळा माणसे गेली, घरांच्या काचा फुटल्या, बातम्या छापून आल्या. पण कारखान्यातले सगळेच मरण असे एका दिवसात येत नाही. काही मरण श्वासावाटे येते, आणि त्याची बातमी होत नाही. सँडब्लास्टिंगचे काम त्यातलेच.

ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात लोखंडी टाक्या, पाइप, गर्डर तयार होतात. रंग देण्याआधी लोखंडावरचा गंज काढावा लागतो. त्यासाठी कंप्रेसरच्या हवेने, सुमारे सात किलोच्या दाबाने, वाळू किंवा ग्रिट मारतात. या कामावर बहुतेक ठेकेदाराची माणसे असतात. त्यांत आपल्या वस्तीतली तरुण मुलेही असतात.

वाळूत सिलिका असते. लोखंडावर आपटून वाळूचे पीठ होते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुफ्फुसात जाऊन बसते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. त्यातून सिलिकोसिस होतो. एरवी हा रोग दहा-वीस वर्षांनी दिसतो, पण ब्लास्टिंगवाल्याला काही वर्षांतच गाठू शकतो. तो बरा करणारे औषध नाही. म्हणूनच ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तू वाळूने साफ करायला बंदी घातली. तुर्कस्तानने २००९ मध्ये जीन्सवर वाळू मारणे बंद केले. तेव्हा आपली पहिली मागणी मास्कची नको. वाळू बंद करा, स्टीलचे ग्रिट किंवा गार्नेट द्या, ही मागणी हवी. मास्क आणि हवेचे हेल्मेट त्यानंतर, पण तेही हवेच.

आता यंत्राचे पाहू. नोझलजवळ ‘डेडमॅन’ हँडल असते. हात सुटला की हवा बंद होते. दिवसभर दाबून बोटे भरून येतात, म्हणून कोणी ते तारेने बांधून ठेवतो. मग पाइप हातातून निसटला तर तो सापासारखा उसळतो आणि ग्रिट अंगात घुसते. तार काढा. पाइपच्या प्रत्येक जोडाला पिन आणि सेफ्टी केबल आहे का, ते रोज सकाळी पाहा. पॉट उघडण्याआधी हवा सोडा, गेजचा काटा शून्यावर येऊ द्या. हेल्मेटची हवा डिझेल कंप्रेसरच्या धुराजवळून खेचू नका. त्या धुरातला विषारी वायू थेट माणसाच्या नाकात जातो. शॉट ब्लास्टिंगच्या बंद मशीनमध्ये दुरुस्तीला शिरायचे तर मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा. डस्ट कलेक्टर बंद असेल तर काम सुरू करू नका.

भगिनींनो, तुमचाही यात वाटा आहे. कामाचे कपडे घरात झटकू नका. ते शक्यतो कामावरच बदलून यावेत. घरी आलेच तर आधी पाण्यात भिजवा, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. खोकला, दम सुरू झाला तर दवाखान्यात आपण काय काम करतो ते आधी सांगायला लावा. सिलिकोसिस आणि टीबी एकसारखे दिसतात, आणि सिलिकोसिसच्या माणसाला टीबीही लवकर धरतो. कामाचे नाव सांगितले नाही तर डॉक्टर फक्त टीबीच पाहील.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. अर्ज लिहून द्यायला बसलो की पहिला प्रश्न येतो, “तिथे काम केल्याचा पुरावा काय?” सिलिकोसिस हा कायद्याने मानलेला, भरपाईस पात्र असा धंद्याचा रोग आहे. पण ठेकेदार बदलतो, हजेरी वही नाहीशी होते आणि माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत होते, तेव्हापासून कामगाराचा हक्क कागदावर यावा ही धडपड आहे. १९४८ चा फॅक्टरी कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली. तीत नेमणूकपत्राची आणि ठरावीक कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. ते पत्र मागा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, एक्स-रे हे सारे एका पिशवीत घालून घरात ठेवा. धोका दिसला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे चौघांच्या सह्यांनी लेखी तक्रार करा. एकट्याला कामावरून काढणे सोपे असते, चौघांना काढणे तितके सोपे नसते.

जयभीम!