भयाचे गाव बदलताना

‘सायलेंट हिल’ मालिकेने अमेरिका सोडून जपानी खेडे गाठले. हा बदल तोलायचा कशावर?

जपानच्या कोनामी कंपनीने २५ सप्टेंबर २०२५ रोजी ‘सायलेंट हिल एफ’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला आणि सव्वीस वर्षांच्या एका मालिकेने आपले गावच सोडले. १९९९ पासून या मालिकेतील बहुतेक खेळ सायलेंट हिल नावाच्या अमेरिकेतील काल्पनिक गावाशी बांधलेले होते. दाट धुके, ओस पडलेले रस्ते, रिकामी रुग्णालये आणि शाळा हीच तिची ओळख होती. नवा खेळ मात्र १९६०च्या दशकातील जपानमध्ये, एबिसुगाओका नावाच्या डोंगराळ गावात घडतो. त्याची नायिका हिनाको शिमिझू ही एक शाळकरी मुलगी आहे. ‘डाउनपोअर’ या २०१२ मधील खेळानंतर मालिकेत आलेला हा पहिलाच पूर्ण लांबीचा नवा खेळ. मधल्या काळात आले ते मुख्यतः छोटे प्रयोग आणि जुन्या खेळाची नवी आवृत्ती.

प्रकाशनानंतर काही दिवसांतच या खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती जगभर वितरित झाल्याचे कंपनीने जाहीर केले. समीक्षकांनीही एकंदरीत स्वागत केले. चाहत्यांत मात्र दोन तट पडले. गावच नसेल तर याला सायलेंट हिल का म्हणायचे, असा एकांचा प्रश्न. मालिकेला नवे रक्त मिळाले हेच पुरेसे, असे दुसऱ्यांचे म्हणणे. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे; पण दोहोंतही मोजपट्टी एकच आहे, आणि ती म्हणजे आधीच्या खेळांशी असलेले साम्य. एकाला ते कमी वाटते, दुसऱ्याला कमी असल्याचा आनंद होतो. एखाद्या भयमालिकेचा नवा भाग जोखताना ती भीती मुळात कशावर उभी होती, हे आधी पाहावे लागते.

धुके आणि अपराधभाव

‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा शब्द रुळवला तो कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ने, १९९६ मध्ये. मोजक्या गोळ्या, मोजकी औषधे आणि बंद दारांचा वाडा असा त्याचा साचा होता. शत्रू दिसला की त्याला मारावे की गोळी राखून पळ काढावा, हा हिशेब खेळाडूला सतत करावा लागे. तीन वर्षांनी आलेल्या ‘सायलेंट हिल’ने हा टंचाईचा हिशेब कायम ठेवला, परंतु भीतीचे ठिकाण बदलले. त्याचा नायक कसलेला शिपाई नव्हता, तर हरवलेल्या मुलीला शोधणारा एक सामान्य बाप होता. जवळ आलेल्या संकटाची चाहूल खिशातल्या रेडिओच्या खरखरीतून लागे. पहिल्या प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचे दृश्य पेलवत नसे. त्या मर्यादेवर घातलेले पांघरूण म्हणजे ते प्रसिद्ध धुके. तांत्रिक उणिवेतून जन्मलेली ही युक्तीच पुढे मालिकेची ओळख बनली.

२००१ च्या दुसऱ्या खेळाने आणखी एक पाऊल टाकले. मृत पत्नीचे पत्र हाती आलेला जेम्स सायलेंट हिल गावी येतो आणि तिथे त्याला भेटणारी विद्रूप आकृत्यांची रांग ही त्याच्याच मनातून निपजलेली असते. गाव आरशासारखे वागते. येणाऱ्याने जे दडवले असेल ते त्याच्यापुढे उभे करते. मालिकेचा खरा कणा हा आहे. २००४ नंतर मूळ चमू विखुरला आणि पुढचे खेळ ब्रिटन, अमेरिका, चेक प्रजासत्ताक अशा ठिकाणच्या स्टुडिओंकडे गेले. त्यांत धुके होते, गंजलेल्या जाळ्या होत्या, सायरन होता. २००८ च्या ‘होमकमिंग’मध्ये नायकाला चपळ लढवय्या केले गेले आणि भीतीची धार बोथट झाली, अशी टीका त्या वेळी झाली होती. सामान सगळे जागेवर असूनही घर परके वाटावे, तसे काहीसे घडले होते.

‘रेसिडेंट इव्हिल’लाही हे चुकले नाही. २०१२ चा सहावा भाग चकमकी आणि स्फोटांच्या आहारी गेला. २०१७ च्या सातव्या भागाने जुनी पात्रे आणि जुनी शहरे जवळजवळ बाजूला ठेवली, खेळाडूला अमेरिकेतील लुईझियानाच्या एका कुजक्या घरात कोंडले आणि मालिकेची हरवलेली भीती परत आणली. दृश्य ओळख बदलूनही मूळ स्वभाव राखता येतो, याचा हा अलीकडचा ठळक दाखला.

हिनाकोचे गाव

या पार्श्वभूमीवर ‘सायलेंट हिल एफ’चे स्थलांतर पाहिले पाहिजे. एबिसुगाओका काल्पनिक असले तरी ते हवेतून काढलेले नाही. गिफू प्रांतातील गेरो शहराचा भाग असलेल्या कानायामा या गावाच्या अरुंद गल्ल्या, पायऱ्या, पाण्याचे पाट आणि एकमेकांना टेकलेली घरे यांवर ते रचले आहे. कथा लिहिली आहे ‘र्‍युकिशी०७’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने. २००२ पासून गाजलेल्या त्याच्या ‘हिगुराशी’ या भयकथेचे खेडेही गिफूतील शिराकावा गावाशी साधर्म्य सांगणारे होते. लहान गावातील आपुलकी आणि पाळत या एकाच नाण्याच्या दोन बाजू कशा असतात, हा त्याचा जुनाच विषय आहे.

हिनाकोचा बाप दारू पिऊन अंगावर येणारा, आई निमूट सोसणारी, थोरली बहीण लग्न होऊन परक्या घरी गेलेली. मुलीने कसे बसावे, कोणाशी खेळावे, कोणत्या वयात काय सोडून द्यावे, हे गाव ठरवते. अशातच एके दिवशी धुके उतरते, घरादारांवर लाल फुलांची वेल पसरत जाते आणि ओळखीच्या गल्ल्यांतून अनोळखी आकृत्या चालू लागतात. अधूनमधून हिनाको एका काळोख्या देवस्थानात जागी होते. तिथे कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक तरुण तिला विधींच्या वाटेने नेत राहतो. कथेचे रहस्य येथे फोडण्याचे कारण नाही. एवढे मात्र सांगता येते की त्या विधींवर लग्नाचे सावट आहे आणि प्रत्येक विधीत हिनाकोकडून तिच्या शरीराची, तिच्या ओळखीची एकेक खूण मागितली जाते.

काळाची निवडही सहेतुक आहे. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेने विवाह केवळ दोघांच्या संमतीने व्हावा असे सांगितले. पण त्याच काळातील दिवाणी कायद्याने पालकांच्या संमतीने मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी करण्याची मुभा ठेवली. ही वयोमर्यादा अठरा झाली ती थेट २०२२ मध्ये. ठरवून केलेल्या लग्नांना प्रेमविवाहांनी संख्येत मागे टाकले तेही १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. कागदावरची मोकळीक आणि घरातला धाक यांच्या सांध्यावर हिनाको उभी आहे. जेम्ससमोर त्याचा स्वतःचा गुन्हा उभा राहिला होता. हिनाकोसमोर इतरांनी तिच्यासाठी लिहून ठेवलेले आयुष्य उभे राहते. आरसा तोच आहे. त्यात दिसणारी आकृती मात्र एकट्या व्यक्तीची राहिलेली नाही, तिच्यामागे कुटुंब आणि गाव दिसू लागले आहे. मालिकेने गाव बदलले, कणा बदलला नाही, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येतो.

कानायामा ते पुसेगाव

हे भय मराठी वाचकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. ऊन असताना पाऊस पडला की कोल्ह्याचे लग्न लागते, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. जपानमध्येही अशा पावसाला कोल्ह्याचे लग्नच म्हणतात. इथे ती मुलांच्या गमतीची गोष्ट आहे; या खेळाने तिच्यातली नवरी कोण आणि तिला विचारले कोणी, एवढेच विचारले आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव आणि गिफूमधील कानायामा यांत भूगोलाचे साम्य नाही. तरीही शहरी वाचकाच्या दृष्टीने दोन्ही गावे प्रवासात मागे टाकण्याच्या यादीतली. अशा गावांकडे भयकथा जाते तेव्हा ती बहुधा पडक्या वाड्याच्या किंवा चिंचेखालच्या मुंजाच्या शोधात जाते. ‘सायलेंट हिल एफ’ची दिशा धरून कोणी मराठवाड्याच्या गावात भय शोधू लागला, तर त्याला वाड्यापर्यंत जावेच लागणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. हिंगोली जिल्ह्यात हे प्रमाण तिघींत एकीहून अधिक होते. ही आकडेवारी जिल्ह्याची आहे, एकट्या पुसेगावची नव्हे. आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा अस्तित्वात असतानाची आहे. ओसरीवर मोठ्यांची बैठक बसली आहे आणि आत एक मुलगी दप्तर उघडून कान देऊन बसली आहे, या प्रसंगाला राक्षसाची जोड द्यावी लागत नाही.

मराठीत या वाटेने जाण्याची परंपरा नाही असेही नव्हे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ओळखीच्या घरांत, नात्यांत आणि वाड्यांत भय रुजवले. २०१८ चा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हिंदीत असला तरी त्याची माती कोकणची, त्याचे भय घराण्याच्या हावेचे. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला मिळालेला प्रतिसाद पहिल्या खेपेहून मोठा होता. खेळांच्या क्षेत्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा पुराणकथांवर आधारलेला खेळ काढून स्थानिक सामग्री जगाच्या बाजारात चालते हे दाखवले. तो भयखेळ नव्हता. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या गावातून निघालेला, त्याच तोलाचा भयखेळ ही जागा अजून मोकळी आहे.

लाठीचा अतिरेक

स्थळ आणि कथा यांबाबत पूर्ण गुण मिळवणारा हा खेळ हातघाईच्या बाबतीत मात्र अडखळतो. यात बंदूक नाही. लोखंडी नळी, कोयता, कुऱ्हाड अशी हत्यारे आहेत आणि ती वापरता वापरता मोडतात. शाळकरी मुलीच्या हाती बंदूक न देणे हे कथेला धरूनच आहे. परंतु दमाचे गणित, अचूक क्षणी चुकवायचा वार, शत्रूच्या चुकीवर साधायचा प्रतिहल्ला आणि त्यासाठी खर्च होणारी मनःशक्ती या साऱ्यांचा मिळून जो डोलारा उभा राहतो, तो द्वंद्वयुद्धाच्या खेळाला शोभणारा आहे. प्रतिहल्ल्याचा नेमका क्षण टिपण्यात गुंतलेला खेळाडू समोरची आकृती कशाची आहे, हे पाहतच नाही. ती आकृती कुणाच्या छळाची किंवा कुणाच्या भीतीची सावली असली, तरी त्याच्यासाठी ती ठरावीक लयीत हात उगारणारा अडथळा बनते.

उत्तरार्धात हिनाकोला अमानवी बळ मिळते. यावरही आक्षेप घेतला गेला. तो पूर्णपणे रास्त नाही. ते बळ तिला शरीराच्या मोबदल्यात मिळते आणि ते वापरताना खेळाडूला वाटणारा आनंद हाच अस्वस्थ करणारा असतो. सासरी मिळणारा मान आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा तो हिशेब आहे. दोष आहे तो संख्येचा. अरुंद जागेत एकामागून एक येणाऱ्या शत्रूंना संपवल्याशिवाय दार उघडत नाही, असे प्रसंग शेवटाकडे वाढत जातात. पळून जाण्याची मुभा काढून घेतली की टंचाईच्या हिशेबालाही अर्थ उरत नाही.

हा दोष दुसऱ्या एका निर्णयामुळे अधिक जाणवतो. खेळाला पाच शेवट आहेत आणि पहिल्या फेरीत त्यांतला एकच ठरलेला शेवट पाहायला मिळतो. कथेचा खरा उलगडा होण्यासाठी खेळ पुन्हा खेळावा लागतो. दुसऱ्या फेरीत नवे प्रसंग आणि नवी टिपणे येतात, जुन्या संवादांना वेगळा अर्थ येतो. सत्य एकदम हाती न देण्याची ही रीत विषयाला साजेशी आहे. मात्र त्या अर्थापर्यंत पोहोचण्यासाठी त्याच चकमकी पुन्हा लढाव्या लागतात. हाती वेळ कमी असलेला प्रौढ खेळाडू पहिल्या फेरीतच थांबण्याची शक्यता मोठी. तो थांबला तर त्याच्या हाती लागते ती हिनाकोची सर्वांत अपुरी कहाणी. सुमारे सत्तर डॉलर मूळ किंमत असलेल्या खेळाबाबत ही बाब गौण म्हणता येत नाही.

मोजपट्टी कोणती?

तेव्हा एखाद्या दीर्घ मालिकेच्या नव्या भागाला तीन प्रश्न विचारणे उचित ठरते. मालिकेची भीती ज्या मानवी गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट शाबूत आहे काय? त्या भीतीला नव्या काळात आणि स्थळात खरा आधार सापडला आहे काय? आणि खेळाडूच्या हातून जे करवून घेतले जाते, ते त्या भीतीला पोसते की खाऊन टाकते? पहिल्या दोन प्रश्नांना ‘सायलेंट हिल एफ’चे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. तिसऱ्यावर तो अर्ध्या वाटेवर राहतो.

असे असूनही हा खेळ मालिकेच्या अलीकडच्या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो. २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेली दुसऱ्या खेळाची नवी आवृत्ती अधिक निर्दोष होती, पण ती आधीच सिद्ध झालेल्या कथेची होती. ‘एफ’ने धोका पत्करला. कोनामीने यापुढे लढायांची संख्या आवरली आणि स्थळांचे हे धैर्य टिकवले, तर या मालिकेला अमेरिकेतल्या त्या एका गावाकडे परतण्याची गरज उरणार नाही. मुलीला न विचारता तिचे आयुष्य ठरवणारी गावे जगाच्या नकाशावर पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही मराठी बोलतात.