विकतच्या पिल्लांना आई नसते

आमच्या गावात पुष्कळ घरी परसात पाच-दहा कोंबड्या असतात. अंडी विकून घरात मीठमिरची येते, कधी आमच्या वह्याही येतात. म्हणून गाडीवरून पिल्ले विकणारा आला की बायामाणसे गोळा होतात. घेतलेली पिल्ले थोडे दिवस डालग्याखाली ठेवतात आणि मग एकदम मोठ्या कोंबड्यांत सोडून देतात. जुन्या कोंबड्या त्यांना टोचतात. कोणाचा डोळा जातो, कोणाचे डोके फुटते. दहाची चार राहतात. मग मोठी माणसे म्हणतात, "ती तांबडी लई खाष्ट आहे. तिलाच आधी कापा." माझ्या मते हा तांबडीवर अन्याय आहे.

कोंबड्यांत नंबर असतात. पहिल्या नंबरची सगळ्यांना टोचते आणि शेवटच्या नंबरचीला सगळ्या टोचतात. नॉर्वे देशाचे शास्त्रज्ञ थोरलिफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या बघितल्या आणि १९२१ साली ही गोष्ट लिहून जगाला सांगितली. नंबर एकदा ठरले की भांडणे कमी होतात. नवी कोंबडी आली की ते पुन्हा ठरवावे लागतात. म्हणून तांबडीला कापली तरी उपयोग नाही. उद्या काळी तेच करील.

मग घरच्या पिल्लांना असे का होत नाही? कारण खुडूक कोंबडीने काढलेली पिल्ले पहिल्यापासून आईमागे अंगणात फिरतात. कोणी जवळ आले की आई पिसे फुलवून अंगावर धावते. तोवर बाकीच्या कोंबड्यांना पिल्लांची सवय होते. विकतची पिल्ले यंत्रात उबवलेली असतात. त्यांना आई नसते. म्हणून आईचे काम आपणच केले पाहिजे.

ते कसे करावे? नवी पिल्ले पहिले तीन-चार आठवडे जुन्यांपासून लांब ठेवावीत. बाहेरून आलेल्या पिल्लाबरोबर रोग येऊ शकतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला तर त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. ती गुरांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर द्यावी. जुन्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालतात, तो लहान पिल्लांना घालू नये. अंडी सुरू होईपर्यंत त्यांना एवढा चुना सोसत नाही.

पिल्लांच्या तलंगा झाल्या, अंगाने जुन्यांच्या जवळपास आल्या, की त्याच अंगणात त्यांना जाळीआड ठेवावे. एकमेकींना बघता येते, पण टोचता येत नाही. आठ-पंधरा दिवसांनी रात्री खुराड्यात सोडावे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. सकाळी मात्र आपण जवळ थांबावे. दाणे आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे पळालेलीलाही खायला मिळते. आणि एकटी तलंग कधीच सोडू नये. शाळेत नवा मुलगा एकटा आला तर कोपऱ्यात बसतो, दोघे भाऊ आले तर बसत नाहीत. तसेच हे आहे.

काही जण म्हणतात, "कोंबड्यांचे एवढे लाड कशाला? त्यांचं त्या बघून घेतील." हे थोडे खरे आहे. दोन-चार टोचण्या बसल्या तर मध्ये पडू नये. सारखे मध्ये पडलो तर नंबर ठरणारच नाहीत. पण रक्त दिसले की थांबू नये. लाल रंग बघून बाकीच्याही टोचायला येतात आणि मरेपर्यंत सोडत नाहीत. जखमी तलंग लगेच वेगळी करावी आणि जखम भरल्यावरच परत सोडावी.

याला पैसे फार लागत नाहीत. जुनी जाळी नाहीतर तुरकाट्यांचा कूड चालतो. फक्त पिल्ले मोठी होईपर्यंत धीर धरावा लागतो. माझी सर्व पालकांना विनंती आहे, की पुढच्या वेळी पिल्ले घेण्याआधी जाळी तयार ठेवा. आणि आपल्या तांबडीला दगड मारू नका. ती आपले घर राखते आहे.

– इयत्ता ४ थी