कच्च्या मडक्यावर पक्केपणाचा शिक्का

उन्हाळी सुटी लागली की हिंगोली जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो, उमेदवारी करायची कोठे? विमान आणि अवकाश उद्योगाची ओढ असणाऱ्याला तर तो अधिकच जाचतो. लढाऊ विमानांचा कारखाना नाशिकजवळ ओझरला, विमानांचे भाग बनविणारे उद्योग नागपूरच्या मिहानमध्ये, उपग्रहांची जुळणी बंगळुरूला. तेथे ना नातलग, ना ओळख. कोरडवाहू शेती करणारा बाप खोलीभाड्याचा आणि खानावळीचा हिशेब मांडतो आणि बेत तेथेच संपतो. मग कोठून तरी प्रमाणपत्र 'मिळविले' जाते. कागद जमतो, हात कोराच राहतो.

यावर 'मराठवाड्याची मुले कमी पडतात' असा शेरा मारणे सोपे आहे. परंतु सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत विमान कारखाना स्थापन केला, तेव्हा या देशात विमानविद्येची परंपरा कोठे होती? अमेरिकी तंत्रज्ञांचे साहाय्य घेऊन काम सुरू झाले आणि १९४१ मध्ये तेथे जुळणी झालेले हार्लो विमान आकाशात गेले. हात कामावरच घडतात. ज्याला कामाजवळ जाऊच दिले नाही, त्याची पात्रता कोणत्या न्यायाने मोजायची?

आता तर विज्ञानच हिंगोलीच्या दारी आले आहे. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांतील अतिनिर्वात नलिका, काटेकोर जोडकाम, कंपनियंत्रण ही सारी अवकाश-तंत्रज्ञानाचीच भावंडे होत. अमेरिकेतील लायगो पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात विद्यावेतन देऊन संशोधनात सामावून घेते. मग औंढ्याच्या प्रकल्पात हिंगोली, परभणी, नांदेडच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या दिवसापासून अशा जागा का नसाव्यात? निवडीची कसोटी सैल करा, असे कोणी म्हणत नाही. गरिबी हीच कसोटी होऊ नये, एवढेच मागणे आहे. अन्यथा भूमी हिंगोलीची आणि हिंगोलीचा तरुण फाटकावरचा पहारेकरी, असे चित्र दिसेल.

मात्र सर्व भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. नाशिक, नागपूर, पुणे येथील किती घरांत एक खोली रिकामी असते! दोन महिने एका विद्यार्थ्याला आसरा आणि दोन वेळचे जेवण देणे, हे राष्ट्रकार्य नव्हे काय? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांची यादी करावी आणि गरजू विद्यार्थ्याला तेथवर पोहोचवावे.

गोरोबाकाकांनी नामदेवांना 'कच्चे मडके' ठरविले, तेव्हा नामदेव रुसून बसले नाहीत. परंपरा सांगते की, ते याच औंढ्याला आले आणि विसोबा खेचरांपाशी शिकले. कच्चे असणे ही लाज नव्हे. भट्टीच न दाखविता मडक्यावर पक्केपणाचा शिक्का मारणे, ही मात्र लाजच आहे.