एमबी म्हणजे नेमके काय, ते पूर्ण लिहायला लावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तक्रारच लिपीची आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रान्समिशन रूममध्ये गेली. गेल्या महिन्यात शेजारचे काका संध्याकाळी मोबाइल घेऊन आले, चेहरा रागाने लाल. "चाळीस एमबीचे पैसे घेतात आणि देतात साडेचार. सरळ सरळ लूट!" फाइल उतरत होती आणि पडद्यावर आकडा होता ४.६. त्यांनी कंपनीला फोन केला होता. तिकडचा मुलगा एवढेच म्हणत राहिला, "सर, चाळीसच आहे." दोघेही खरे बोलत होते. जाहिरातीतले चाळीस मेगाबिट होते, पडद्यावरचे साडेचार मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून चाळीस भागिले आठ, पाच. त्यातून डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते, शीर्षके, वायफायची गळती गेली की साडेचार उरतात. काकांना मी सांगितले, आठाने भागायचे ते कागदावर, व्यवहारात दहाने भागा आणि निवांत झोपा.

काका गेले, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही गल्लत त्यांनी केलीच कुठे? इंग्रजीत लहान बी लिहिली की बिट, मोठी लिहिली की बाइट. बारीक आहे, पण खूण आहे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाहीच. आम्ही दोन्ही 'एमबी'च लिहितो. बंगाली, कन्नड, तमिळ, गुजराती, कुठल्याच लिपीत ती सोय नाही. जाहिरात मराठीत छापली की आठपटीचा फरक शाईतच विरतो. आमच्या नाक्यावर केबलवाल्याचा फलक आहे, '१०० एमबी स्पीड'. हे शंभर कसले, ते त्या फलकावरून साक्षात मलाही सांगता येत नाही. शिवाय त्याच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर 'रोज २ जीबी' असतात, ते मात्र बाइट. वेग एका मापाने, माल दुसऱ्या मापाने, आणि दोघांना नाव एकच.

यात आमच्या खात्याचाही दोष आहे, तो आधी कबूल करतो. आम्ही ज्याला दिवसरात्र 'टू एमबी' म्हणायचो, तो ई-वन. "टू एमबी गेला," "टू एमबीला लूप द्या" हीच आमची बोली. तो २ मेगाबिटांचा, आणि नेमके बोलायचे तर २.०४८ चा. नवी मुले विचारायची, हे कॉम्प्युटरवाल्यांचे १०२४ का? नाही. माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणीला ८ बिट, झाले ६४ किलोबिट, म्हणजे एक बोलणे. अशी ३२ घरे शेजारीशेजारी मांडली की २०४८ किलोबिट. त्यातले एक घर ताळमेळाला, एक सिग्नलिंगला, उरलेल्या ३० घरांत ३० बोलणी. अमेरिकेत २४ बोलण्यांचा टी-वन, १.५४४ मेगाबिटचा. आपण युरोपची मांडणी घेतली. वरच्या पायरीवर एसटीएम-वन, १५५.५२ मेगाबिट. त्यात ६३ टू एमबी बसतात, म्हणजे १८९० बोलणी. आज १५० मेगाबिटचा प्लॅन घेणाऱ्या घरात जवळजवळ तेवढा पाइप शिरतो, आणि तरी पोरे म्हणतात नेट स्लो आहे. असो.

आमची बोली चालून गेली, कारण खोलीतल्या प्रत्येकाला ती बिटांची भाषा आहे हे ठाऊक होते. गिऱ्हाइकाला ते कोणी सांगितले?

सरकारने २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट ठरवले, २०१३ मध्ये ५१२ केले, २०२३ मध्ये २ मेगाबिट. मोजपट्टी बदलत गेली, बिट कायम राहिला. बदलू नये असेच माझे मत आहे. तार बिटच वाहून नेते, बाइट हे कॉम्प्युटरचे खाते. पण आपले मोबाइल प्लॅन पाहा. रोजचा कोटा संपला की पुष्कळ प्लॅनमध्ये बारीक अक्षरांत 'वेग ६४ केबीपीएस' लिहिलेले असते आणि वर ठळक 'अमर्याद'. हे ६४ म्हणजे आमच्या ट्रान्समिशन रूममधले एक बोलणे, बस. सेकंदाला ८ किलोबाइट. चार मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद, तेही वाटेत काही सांडले नाही तर. 'केबीपीएस' वाचून हा हिशेब कोणाच्या डोक्यात यावा? माझ्या पत्नीने चाळीस वर्षे माझ्याकडून बिट ऐकले, तिच्याही येत नाही.

वाण्याकडच्या पाकिटावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापावे लागते. वैध मापन कायदा तिथे पळवाट ठेवत नाही. शेर गावोगाव वेगळा असायचा, म्हणून तर देशाने किलोग्रॅम घेतला. इंटरनेटचा शेर मात्र एकाच जाहिरातीत दोन वजनांचा चालतो.

माझी मागणी मोठी नाही. भारतीय भाषांतल्या जाहिराती, बिले आणि प्लॅनची माहिती यांत 'एमबीपीएस' आणि 'एमबी' बंद करून 'मेगाबिट प्रतिसेकंद' आणि 'मेगाबाइट' असे पूर्ण शब्द छापणे सक्तीचे करावे. वेगाच्या आकड्याशेजारी सेकंदाला किती मेगाबाइट उतरतील तेही असावे. कोटा संपल्यानंतरचा वेग त्याच एककात आणि त्याच आकाराच्या अक्षरांत असावा, जाहिरातीत मेगाबिट आणि तळटीपेत किलोबिट असे नको. जीबी हजाराच्या हिशेबाने धरतात की १०२४ च्या, तेही कंपन्यांनी एका ओळीत लिहावे. तिथे सात टक्क्यांचा फरक पडतो. तुमच्या मायस्पीड ॲपपासूनच सुरुवात झाली तर उत्तम.

नव्या तारा ओढाव्या लागणार नाहीत, टॉवर उभारावे लागणार नाहीत. एका परिपत्रकाचे काम आहे, तेवढे काढावे ही विनंती. कळावे.

आपला,
एक निवृत्त ट्रान्समिशनवाला